जत्रेत गप्प बसलेला सॅक्सोफोन

मित्रांनो, मला सॅक्सोफोन म्हणतात. नाव जड आहे, हे मला माहीत आहे. साताऱ्यात लोक मला ‘वाकडी सनई’ म्हणायचे. खंडाळ्याच्या एका वरातीत एक आजीबाई मला ‘पितळंची सोंड’ म्हणाल्या. जतच्या माळावर तर माझं नाव ‘साप’ पडलं. मला कुठल्याच नावाचा राग आला नाही, कारण नावं ठेवणारी तीच माणसं थोड्या वेळानं ‘अजून एकदा वाजवा की’ म्हणायची.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका अरुंद बोळात बँडची वाद्यं बनवणारे कारागीर राहतात. त्यांनी पितळेचा पत्रा तापवला, ठोकला, वाकवला आणि मला आकार दिला. अंगभर बटणं बसवली. प्रत्येक बटणाखाली चामड्याची इवलीशी गादी लावली. माझ्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी बांधतात. माणूस फुंकतो तेव्हा ती पट्टी थरथरते आणि मला आवाज फुटतो. श्वास नसेल तर मी आणि पितळेची घागर सारखेच. घागरीत निदान पाणी तरी राहतं.

एके दिवशी दुकानात एक फौजी आला. उंच, काळासावळा, कमी बोलणारा. त्याचं नाव नाथाजी. जत तालुक्यातल्या धनगर घरातला हा गडी लहानपणी मेंढरांमागं हिंडला होता आणि पुढं पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला होता. आता नोकरी संपवून तो घरी निघाला होता. सरकारी वाद्य परत करावं लागलं, म्हणून स्वतःचं घ्यायला तो मेरठला उतरला. त्यानं मला उचललं, वेताची पट्टी जिभेवर ओली केली आणि एकच लांब सूर काढला. दुकानदारानं हातातलं काम थांबवलं. मला तेव्हाच कळलं की आपण चांगल्या माणसाच्या हाती पडलो. हे साल एकोणीसशे त्र्याहत्तर.

नाथाजी फक्त कवायतीची धून वाजवणारा नव्हता. कलकत्त्याच्या छावणीत असताना तो सुट्टीच्या संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा राहायचा. आत एक परदेशी काळा वादक सॅक्सोफोन वाजवायचा आणि एक बाई गायची. ते गाणं कधी देवाला हाक मारल्यासारखं वाटायचं, कधी घरच्या माणसाला. नाथाजीला शब्द कळत नव्हते, तरी गाणं संपेपर्यंत तो तिथून हलायचा नाही. त्या वादकानं एकदा त्याला दारात पाहिलं, हसला आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. फुंक इथून यायला हवी, ओठातून नव्हे. नाथाजीनं ती खूण आयुष्यभर जपली.

साताऱ्यात आप्पासोंची बँड पार्टी होती. लाल कोट, सोनेरी झालर, पुढं क्लॅरिनेट, मागं ढोल. आप्पासो तापट होते, पण कानाचे पक्के. त्यांनी नाथाजीला एकदाच ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी बँडच्या पुढच्या रांगेत आलो. मेढ्याच्या डोंगरातली लग्नं म्हणू नका, कऱ्हाडकडच्या ऊसवाल्यांची लग्नं म्हणू नका, आम्ही सगळीकडं जायचो. नवरदेवाचा घोडा माझ्या आवाजानं कान टवकारायचा. पोरं माझ्या तोंडात डोकावून बघायची. काय दिवस होते ते! माझं पितळ आरशासारखं चमकायचं आणि मला वाटायचं, जगात माझ्यासारखा मीच.

पण मित्रांनो, त्या घरात आणखी एक माणूस होतं. नाथाजीची बायको, साळूबाई.

लग्न झालं तेव्हा नाथाजी पलटणीत होता. वर्षातून एकदा रजेवर यायचा आणि पाऊलखुणा पुसायच्या आत परत जायचा. मूलबाळ झालं नाही. साळूबाईनं इतकी वर्षं सासरची मेंढरं सांभाळली आणि मनाशी म्हटलं, नोकरी सुटू दे, मग आपला संसार सुरू होईल. नोकरी सुटली. दोघं साताऱ्यात एका खोलीत राहायला आली. आणि लगेच लग्नाचा हंगाम सुरू झाला. नाथाजी पहाटे निघायचा, दमून यायचा, भाकरी खायचा आणि झोपायचा. हंगाम नसला की सण, उत्सव, मिरवणुका. मला तो रोज मऊ फडक्यानं पुसायचा. साळूबाई चुलीपाशी बसून ते बघायची.

एका दुपारी ती म्हणाली, “आवं, माझ्या गावच्या बिरोबाची जत्रा हाय चैतात. गुंडाचा ढोल हाय औंदा. जायाचं का दोघांनी?”

गुंडा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ढोलाच्या मेळ्यात ओव्या म्हणायचा.

“चैतात लग्नं लय असत्यात,” नाथाजी मला पुसत म्हणाला. “फुडल्या साली बघू.”

साळूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. आवाज चढवला नाही. “सगळ्या मुलखाची लग्नं लावत हिंडताय तुमी. आपलं लगीन कवा लागायचं?”

नाथाजी मला पुसतच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही कोरेगावच्या लग्नाहून परत आलो, तेव्हा खोली स्वच्छ झाडलेली होती, माठ भरलेला होता आणि साळूबाई नव्हती. शेजारच्या शालूबाई दारात आल्या. “माहेरला गेली ती. ‘परत कवा येनार’ इचारलं, तर नुसती पिशवी उचलून निघाली बघा.”

त्या दिवशी नाथाजीनं मला पेटीतून काढलंच नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. त्यानंतरच्या लग्नांत तो वाजवायचा, पण त्याची फुंक ओठातच राहायची. मला ते लगेच कळायचं.

जत्रेच्या दिवशीच खंडाळ्याला एक मोठं लग्न ठरलेलं होतं. जमीनदार घराणं, हत्तीसारखा मांडव. आठवडाभर आधी नाथाजी आप्पासोंसमोर उभा राहिला.

“आप्पासो, खंडाळ्याला मी येत न्हाई. सिद्धूला समद्या धुना शिकिवतो. त्याचं क्लॅरिनेट निभावून नेईल.”

“डोकं फिरलंय का तुमचं?” आप्पासो उसळले. “त्यांनी तुमच्या त्या वाकड्या सनईसाठी आपला बँड सांगितलाय! कुटं जायाचंय एवढं?”

“बायकूला जत्रा दाखवायचीय.”

आप्पासोंना वाटलं हा थट्टा करतोय. नाथाजी थट्टा करत नव्हता. “मग जत्रंतच ऱ्हावा,” ते म्हणाले. “हितं परत पाय ठिवू नका.”

नाथाजीनं खरोखरच सिद्धूला बसवून प्रत्येक धून शिकवली. सिद्धू शहाणा पोरगा, त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि त्यानं ती मन लावून शिकली. मग नाथाजीनं लाल कोट घडी करून आप्पासोंच्या ओट्यावर ठेवला, मला पेटीत घातलं आणि आम्ही एसटीत बसलो. सांगलीला गाडी बदलली. सांगलीपर्यंत खिडकीबाहेर ऊस दिसत होता. पुढं हळूहळू हिरवं संपलं. कुसळं, खडक, लांबवर मेंढरांचे कळप, बाभळीची विरळ सावली. नाथाजी त्या माळाकडं असा बघत होता, जणू कुणी त्याचं नाव घेऊन बोलावतंय.

साळूबाईचं माहेर म्हणजे माळावरची दहा-वीस घरं आणि टेकाडावर बिरोबाचं देऊळ. ती दारात जोंधळे पाखडत होती. नवऱ्याला बघून तिचे डोळे एकदम उजळले. मग तिला त्याच्या हातातली पेटी दिसली आणि उजेड मावळला.

“हिला घिऊन आलाय व्हय? मग माझ्यासाठी कुटं आलाय?”

मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि इथं मी सवत ठरलो होतो.

नाथाजीनं पेटी तिच्या पुढ्यात ठेवली. “तुला वाटंल तिथं ठिव. जत्रा सरूपत्तुर मी हात लावनार न्हाई.”

साळूबाईनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. मग पेटी उचलून तिनं देवळासमोरच्या लिंबाच्या फांदीला दोरीनं टांगली. माझ्यापाशी शेळ्या-मेंढरांनी येऊ नये म्हणून, असं ती म्हणाली. खरं कारण वेगळं असावं. तिथून मी दिसत राहणार होतो आणि नाथाजी शब्द पाळतो की नाही हेही दिसणार होतं.

पेटीचं झाकण नीट बसत नसे. त्या फटीतून मी जत्रा पाहिली आणि ऐकली. वाजवणाऱ्याच्या हातात असताना वाद्याला आपलाच आवाज जास्त ऐकू येतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी न वाजता नुसतं दुसऱ्यांचं संगीत ऐकलं.

ऊन उतरणीला लागलं होतं. हवेत भंडाऱ्याची पिवळी धूळ होती. मोठमोठे ढोल गळ्यात अडकवून धनगर गडी गोल उभे राहिले. एक ढोल वाजला. मग दुसरा. मग एकदम सगळे, वर कैताळांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, खणखणाट. माझ्या पेटीतली मखमल थरथरली. बँडचा ढोल मी रोज ऐकत होतो, पण तो पायांना चालवायचा. हा ढोल छातीत शिरत होता. गडी हातातले रुमाल उडवत फेर धरत होते, बसत होते, उसळत होते आणि इतक्या माणसांचं पाऊल एका माणसाचं असावं तसं पडत होतं.

मग ढोल मंदावले आणि गुंडा पुढं आला. किडकिडीत पोरगा, डोक्यावर भलं मोठं मुंडासं. एका कानावर हात ठेवून तो ओवी म्हणू लागला. आधी देवाची. मग पावसाची, वाटेवरच्या मेंढरांची, पंचायतीच्या आटलेल्या विहिरीची, समोर बसलेल्या माणसांची. पाठ केलेलं काही नव्हतं. समोर दिसेल ते तो तिथल्या तिथं जुळवून ठेक्यावर सोडत होता, भराभर, एकही ठोका न चुकवता. समोरच्या मेळ्यातला गडी त्याला तसंच उत्तर द्यायचा आणि लोक हसून हसून लोळायचे. मित्रांनो, आजची शहरातली मुलं ठेक्यावर असंच भराभर बोलतात आणि त्याला हिप-हॉप म्हणतात, असं मी ऐकतो. मला त्याचं नवल वाटत नाही. मी ते जतच्या माळावर लिंबाला टांगलेला असताना ऐकलं आहे.

आणि नाथाजी? तो घोंगडीवर साळूबाईशेजारी बसला होता. सुरुवातीला त्याची बोटं गुडघ्यावर सारखी हलत होती. मग ती थांबली. साळूबाईनं पदरातल्या भाजलेल्या शेंगा त्याच्या ओंजळीत दिल्या.

“कलकत्त्याला असंच ऐकलं हुतं मी,” तो हळूच म्हणाला. “ते लोक त्याला सोल म्हनत्यात.”

“म्हंजी?”

“म्हंजी जीव. जीव वतून गायाचं.”

“मग आमच्या गुंडाला कुनी शिकिवलं म्हनायचं ते?” साळूबाई म्हणाली आणि दोघंही हसले. त्यांना एकत्र हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेळा पुन्हा उभा राहिला. गुंडानं घोंगडीकडं बोट केलं आणि सगळ्या गावासमोर आपल्या मेहुण्याला धरलं.

“दाजी आमचा पलटणीचा, बोलंना का चालंना,
पितळंचा साप पाळलाय, झाडावरनं हालंना!
साऱ्या जगाची लग्नं लावली, वरातीम्होरं धावला,
आमच्या आक्काच्या दारी मातूर पाव्हन्यावानी आला!”

लोकांनी टाळ्या पिटल्या. सगळ्या माना नाथाजीकडं वळल्या. ओवीला उत्तर ओवीनंच द्यायचं असतं. नाथाजीला ओवी येत नव्हती. त्याचा चेहरा पडला. थट्टाच होती ती, पण त्यातलं खरं त्याला लागलं होतं.

आणि साळूबाई उठली.

तिनं पदर खोचला, कानावर हात ठेवला आणि सूर लावला. ढोलवाले गांगरून थांबले. मेळ्यात उभं राहून बाईमाणूस ओवी म्हणतंय, हे तिथं कुणी बघितलं नव्हतं. एक म्हातारा काही बोलायला उठला, तेवढ्यात गावातल्या सगळ्यात वयस्क राहीबाई काठी आपटून म्हणाल्या, “बस की गप. लेक हाय गावची. देवाला काय बायांचं वावडं हाय व्हय?” म्हातारा बसला. ढोल पुन्हा सुरू झाला.

“भावा माझ्या गुंडा रं, बोललास तू खरं,
पन पाव्हना न्हवं त्यो, त्योच माझं घर.
त्यानं काढलं दिस सीमंवर, म्या बांधावर वाट बघितली,
आज मांडीला मांडी लावून बसला, तवा जत्रा मला दिसली!”

मित्रांनो, काय आवाज होता तो! जाडसर, किंचित फाटलेला, उन्हात वाळलेला आणि आतून ओला. मेंढरांमागं एकटीनं हिंडताना ती गात असणार, वाऱ्याला आणि मेंढरांना ऐकवत. नाथाजी आ वासून बघत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि आपली बायको गाते हे त्याला ठाऊक नव्हतं. कलकत्त्यात परक्या दारात उभा राहून तो जे ऐकत होता, ते त्याच्या स्वतःच्या घरात होतं.

साळूबाई गाता गाता लिंबापाशी आली. तिनं स्वतःच्या हातानं दोरी सोडली, पेटी उघडली आणि मला नाथाजीच्या हातात दिलं. “वाजवा आता. मी सांगतीया म्हनून.”

नाथाजीनं घाईत फुंकलं. मी वरातीसारखा मोठ्यानं ओरडलो. मेंढरं बुजली, लोक हसले.

साळूबाई हसली नाही. “आवं, वरातीवानी नगं. हळू. मी काय बोलती त्ये आयका, मग बोला.”

नाथाजीनं डोळे मिटले. तिनं पुढची ओळ म्हटली. तो थांबला. पूर्ण ऐकून घेतली. मग पोटातून, अगदी हलक्या फुंकेनं, तिचाच सूर त्यानं माझ्याकडून काढून घेतला आणि तिला परत दिला. तिनं दुसरी ओळ टाकली. मी उत्तर दिलं. खाली ढोल छातीसारखे धडधडत होते. मला वाटलं, मेरठच्या त्या कारागिरानं मला याचसाठी ठोकून ठोकून घडवलं असेल. वरातीत मी पुष्कळ वाजलो होतो. बोललो मात्र त्या दिवशी.

थांबलो तेव्हा लोकांनी ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणत भंडारा उधळला. माझ्या पितळावर पिवळा थर बसला. गुंडा धावत येऊन बहिणीच्या पाया पडला. “आक्के, हरलो गं मी. दाजी, तुमी बी बोलता की!” ज्या म्हाताऱ्यानं हरकत घ्यायची ठरवली होती, तोच पुढं होऊन म्हणाला, “त्या सापाला अजून एकदा बोलाया लावा.”

जत्रा सरली आणि तिघंही साताऱ्याला परतलो. साळूबाई, नाथाजी आणि मी. काम नव्हतं. नाथाजी लोकांच्या शेतावर जायला तयार झाला होता. पण पंधरवड्यानं आप्पासो स्वतः खोलीवर आले. खंडाळ्याचं लग्न सिद्धूनं झकास निभावलं होतं. तरी आप्पासोंना करमत नव्हतं. त्यांनी लाल कोट खाटेवर ठेवला आणि ताकाचा पेला हातात घेतला.

“येताय न्हवं उद्यापासून?”

“येतो,” नाथाजी म्हणाला. “पन सोमवार न्हाई. आन जत्रंचं दिस न्हाईत. ते साळूचं हाईत.”

“बाजेवाले हायसा का कलेक्टर?” आप्पासो म्हणाले. मग साळूबाईकडं वळले. “वयनी, सोमवारी करता तरी काय तुमी दोघं?”

“आयकतो,” साळूबाई म्हणाली.

“काय आयकता?”

“जे कुनी गात आसंल त्ये.”

आप्पासो ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “बरं.” तापट माणसाकडून एवढंही पुष्कळ.

पुढची चार वर्षं मला माझ्या साऱ्या आयुष्यात सर्वांत प्रिय. दर सोमवारी ती दोघं कुठं तरी ऐकायला जायची. मेढ्याला भजनी मंडळ, गावोगावचे गोंधळी, यात्रेतला एखादा शाहीर, पटांगणावर सराव करणारा पलटणीचा बँड. कधी मला नेत, कधी नेत नसत. परत आल्यावर नाथाजी तिला विचारायचा, “काय आवडलं?” आणि ती सांगायची. त्याचं वाजवणं त्यामुळं इतकं बदललं की वरातीतली म्हातारी माणसं घोड्यामागं न जाता त्याच्याभोवती उभी राहायची. सिद्धू त्याला विचारायचा, “दादा, असं कसं वाजवता?” तो म्हणायचा, “आधी आयकतो.”

एकोणऐंशी साली एक दुःखाची गोष्ट घडली. एसटीपुढं म्हैस आडवी आली, गाडी कचकन थांबली आणि नाथाजीचं तोंड पुढच्या दांडीवर आपटलं. समोरचे दात गेले. मित्रांनो, माझं तोंड नीट धरून फुंकायला पुढचे दात लागतात. बरं झाल्यावर त्यानं खूप प्रयत्न केले. माझ्यातून फक्त फुसकन हवा यायची. शेवटी त्यानं मला मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता पेटी, मग माळा, मग मोडीच्या दुकानातला काटा. माझ्या ओळखीची किती तरी वाद्यं अशीच गेली.

साळूबाई शेजारी येऊन बसली. नुसती गाऊ लागली, हलक्या आवाजात, घरातल्या घरात. थोड्या वेळानं नाथाजीची बोटं माझ्या बटणांवर पडली. फुंक नव्हती. नुसती बोटं. चामड्याच्या गाद्या भोकांवर टपटप आपटू लागल्या. टप, टपटप, टप. मला कळेना, मी वाजतोय की काय. साळूबाईनं मान डोलावली आणि त्या ठेक्यावर पुढची ओवी उचलली.

तेव्हापासून मी असाच वाजतो. चामडं कडक होऊ नये म्हणून साळूबाई बोटाला तेल लावून एकेक गादी पुसते. कोपऱ्यात मला धूळ लागू देत नाही. एके काळी तिला मी सवतीसारखा वाटलो होतो, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला माळ्यावर टाकू नका. आवाज गेला असं समजून मोडीत देऊ नका. आणि गाणं ऐकायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. ज्याच्यावर तुमची माया आहे त्या माणसाला सोबत न्या, त्याच्या शेजारी बसा, हात मोकळे ठेवा. कदाचित तुम्हाला कळेल की तेही गातं.

आता मला गप्प बसायला हवं. साळूबाईनं ओवीसाठी कानावर हात ठेवला आहे.